प्रोसेसर बदलतो तेव्हा : प्रस्तावना

सी शिकणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी सुरुवातीलाच एक प्रोग्रॅम लिहितो. फाइलमधले एकेक अक्षर वाचायचे, पडद्यावर छापायचे, फाइल संपली की थांबायचे. वाचलेले अक्षर ठेवायला तो ‘कॅर’ जातीचा व्हेरिएबल घेतो, आणि फाइल संपल्याची खूण म्हणून येणाऱ्या उणे एकशी त्याची तुलना करतो. इंटेलच्या डेस्कटॉपवर हा प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो. तोच प्रोग्रॅम, एक स्वल्पविरामही न बदलता, रास्पबेरी पायवर कंपाइल केला तर थांबतच नाही. फाइल केव्हाच संपलेली असते आणि प्रोग्रॅम आपला चालूच. इंटेलच्या यंत्रांवर कंपायलर ‘कॅर’मध्ये ऋण संख्या ठेवू देतो, आर्म प्रोसेसरच्या लिनक्सवर तीच जागा शून्य ते २५५ एवढ्याच संख्यांची असते. तिथे उणे एक ठेवला की त्याचे २५५ होतात, आणि २५५ व उणे एक यांची बरोबरी कधीच होत नाही. सी भाषेच्या प्रमाणाने हा निर्णय कंपायलरवर सोपवला आहे, तेव्हा दोष इंटेलचाही नाही आणि आर्मचाही नाही. चूक प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवसापासून होती. दुसरा प्रोसेसर समोर आला नसता तर ती कुणाला दिसली नसती.

अशा चुका शोधणे, समजून घेणे, दुरुस्त करणे, आणि एका जातीच्या प्रोसेसरवर वाढलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर नीट चालते करणे, म्हणजे पोर्टिंग. प्रोसेसरची जात ठरते ती त्याच्या इन्स्ट्रक्शन सेटवरून. बेरीज कर, इथला आकडा तिथे ठेव, अमुक झाले तर तमुक जागी जा, अशा ज्या आज्ञा त्याला कळतात त्यांची ती यादी. इंटेल आणि एएमडीच्या संगणकांत एक्स८६ची यादी असते, मोबाइलमध्ये आर्मची, आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत पॉवर किंवा एस३९०ची. एका यादीसाठी बनलेली बायनरी दुसऱ्या यादीच्या प्रोसेसरला कळत नाही. सोर्स कोड हाताशी असेल तर ती नव्याने बनवता येते. नसेल तर मूळ कंपनीच्या मर्जीची वाट पाहायची, आणि कंपनीच बंद झाली असेल तर वाट पाहण्यातही अर्थ नाही. ओपन सोर्सचे गुण सांगताना ‘फुकट मिळते’ हे लोक आधी सांगतात. मला त्याचा सर्वांत टिकाऊ गुण वेगळा वाटतो : यंत्र बदलले तरी ते आपल्याबरोबर येऊ शकते.

येऊ शकते, पण आपोआप येत नाही. कुणाला तरी ते आणावे लागते आणि आणल्यावर सांभाळावे लागते. हे पुस्तक त्या माणसासाठी आहे. तो पुण्याबंगळुरातच असला पाहिजे असे नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा, कोरची, वडसा इथल्या महाविद्यालयांत विज्ञान शिकणारी मुलेमुली डोळ्यांसमोर ठेवून मी ते लिहिले आहे.

हा उद्योग पन्नास वर्षांहून जुना आहे. १९६९ मध्ये केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्सला हात घातला तो पीडीपी-७ या एका यंत्राच्या असेम्ब्ली भाषेत. त्या काळी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचाच एक अवयव समजला जाई. यंत्र भंगारात गेले की तीही जाई. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा डेनिस रिची यांच्या सी भाषेत पुन्हा लिहिला गेला आणि हा समज सैल होऊ लागला. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वोलाँगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी युनिक्स इंटरडेटा ७/३२ या यंत्रावर नेले. त्याच सुमारास बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन आणि रिची हे इंटरडेटा ८/३२साठी त्याच खटपटीत होते. पीडीपी-११ आणि इंटरडेटा यांचा बाइट मांडण्याचा क्रम एकमेकांच्या उलट. त्यामुळे ‘युनिक्स’ची चार रोमन अक्षरे जोडीजोडीने उलटून ‘नक्सी’ होतात. बाइटच्या क्रमाच्या घोळाला ‘नक्सी समस्या’ हे नाव चिकटले. आज बहुतेक प्रोसेसर एकाच क्रमाचे असले तरी एस३९०वर हा घोळ अजून भेटतो, आणि जिथे भेटतो तिथे फाइल किंवा नेटवर्कमधून आलेले आकडे बिनधास्त वाचणारा कोणीतरी सापडतोच.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली तेव्हा ते इंटेल ३८६ला इतके जखडलेले होते, की ते दुसऱ्या यंत्रांवर नेण्याजोगे नाही हे त्यांनी स्वतःच सांगून टाकले होते. पुढे डिजिटल कंपनीतल्या जॉन ‘मॅडडॉग’ हॉल यांनी त्यांना अल्फा प्रोसेसरचे यंत्र मिळवून दिले आणि १९९५च्या सुमारास लिनक्स ६४ बिटांच्या अल्फावर चालू लागले. त्या पोर्टने लिनक्सची घडणच बदलली. प्रोसेसरनुसार बदलणारा भाग एका वेगळ्या फोल्डरात गेला, उरलेला सगळ्यांचा सामायिक राहिला. पुढचा प्रत्येक पोर्ट याच चौकटीत बसत आला आहे. पहिला पोर्ट नेहमी सर्वांत अवघड असतो, कारण तो करताना मूळ सॉफ्टवेअरचीच डागडुजी करावी लागते. दुसऱ्याला त्याचे पुण्य मिळते.

या साऱ्यात सर्वांत जड ओझे कंपायलर उचलतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी प्रसिद्ध केला तेव्हापासून त्याच्या रचनेत एक धोरण आहे : प्रोसेसरच्या आज्ञांचे वर्णन ‘मशीन डिस्क्रिप्शन’ नावाच्या फाइलींत ठरलेल्या पद्धतीने लिहायचे आणि बाकी कंपायलर सर्वांना एकच ठेवायचा. ऐकायला सोपे. प्रत्यक्षात जीसीसी लाखो ओळींचा आहे, आणि त्यात नवा माणूस शिरतो कुठून हाच प्रश्न असतो. या प्रश्नाचे मला माहीत असलेले उत्तम उत्तर मुंबईत दिले गेले. आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या नेतृत्वाखाली जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले. तिथल्या कार्यशाळांत सहभागींना ‘स्पिम’ या मिप्स प्रोसेसरच्या सिम्युलेटरसाठी मशीन डिस्क्रिप्शन टप्प्याटप्प्याने शिकवले जाई. आधी अगदी जुजबी प्रोग्रॅम कंपाइल होईल एवढेच. मग गणिती क्रिया, फंक्शन कॉल, अटी, अशी एकेक पायरी. प्रत्येक पायरीवर कंपायलर अपुरा, पण चालता. लाखो ओळींच्या सॉफ्टवेअरला भिडण्याची ही रीत मला इतकी पटली की या पुस्तकाचा सांगाडा तिच्यावरच उभा केला आहे.

महाराष्ट्रात प्रोसेसर बदलण्याचा अनुभव मात्र त्याही आधीचा आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिथे परम ८००० तयार झाला. त्यात इनमॉस कंपनीचे टी८०० ट्रान्सप्यूटर होते. परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० आला, परम ९००० आणि १९९८चा परम १०००० यांत स्पार्क घराण्याचे प्रोसेसर, २००३च्या परम पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर४. बारा वर्षांत चार जाती. या महासंगणकांची कहाणी आपण अमेरिकेने नाकारलेल्या क्रे यंत्राला दिलेले उत्तर म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात पोर्टिंगचाही धडा आहे. ट्रान्सप्यूटरसाठी ऑकॅम नावाची खास भाषा होती. ती सुबक होती, पण तिचे नशीब एका चिपला बांधलेले होते. फोर्ट्रान आणि सी यांना ते बंधन नव्हते, आणि १९९४ मध्ये एमपीआयचे प्रमाण आल्यावर अनेक प्रोसेसरांनी आपसांत निरोप कसे पाठवायचे हेही कुठल्या एका यंत्राचे राहिले नाही. हवामानाचा अंदाज मांडणारा प्रोग्रॅम दशकानुदशके वापरायचा असतो, महासंगणक मात्र काही वर्षांत जुना होतो. हे गणित ज्यांनी आधी ओळखले त्यांचे काम वाचले.

पवईच्या आयआयटीतला ‘अजित’ हे दुसरे उदाहरण. प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला हा प्रोसेसर २०१९ मध्ये लोकांसमोर आला. त्याची चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. चिप इथली, पण इन्स्ट्रक्शन सेट त्यांनी नवा काढला नाही. स्पार्क-व्ही८ हा आयईईईने प्रमाण म्हणून स्वीकारलेला संच त्यांनी घेतला. नवा संच काढला असता तर कंपायलर, असेम्ब्लर, लिंकर, डीबगर, सी लायब्ररी हे सगळे शून्यातून करावे लागले असते. स्पार्क जीसीसीला वर्षानुवर्षे ठाऊक आहे. काहींना यात स्वदेशीपणा कमी वाटेल. मला यात शहाणपण दिसते. प्रोसेसर विकत घेणारा सिलिकॉन घेत असला तरी त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय त्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो, हे या गटाने आराखड्याच्या वेळीच ओळखले. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ यांनी रिस्क-फाइव्ह हा खुला संच निवडला, त्यामागेही हेच कारण मोठे आहे.

तिसरे उदाहरण आकाश टॅब्लेटचे, आणि ते मला विद्यार्थ्यांच्या सर्वांत जवळचे वाटते. पहिला आकाश ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत सादर झाला. त्यात ३६६ मेगाहर्ट्झचा आर्म प्रोसेसर आणि २५६ एमबी मेमरी होती. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी आलेला आकाश-२ एक गिगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-ए८ आणि ५१२ एमबी मेमरी घेऊन आला. त्याच्या मागे आयआयटी मुंबई होती. आकाशची चर्चा निघाली की ती किंमत, पुरवठा आणि राजकारण यांत अडकते. त्यात सॉफ्टवेअरचे काम झाकले गेले. आकाशवर अँड्रॉइड होते. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा असतो, पण वरची सी लायब्ररी ‘बायोनिक’ असते, डेस्कटॉप लिनक्सवरची जीलिबसी नव्हे. म्हणजे प्रोसेसर वेगळा, लायब्ररीही वेगळी; अभियांत्रिकीचे विद्यार्थी वापरतात ती साधने त्यावर सहज चालणार नव्हती. आयआयटी मुंबईच्या गटाने सी, सी++, पायथन आणि सायलॅब त्या छोट्या टॅब्लेटवर चालते केले, पूर्ण ग्नू-लिनक्सही त्यावर आणून दाखवले. अडीच हजारांहून कमी किमतीच्या यंत्रावर मॅट्रिक्सचे गणित सुटत होते. तो टॅब्लेट आज वापरात नाही, पण आर्मवर लिनक्स चालवायचे कसे हे ज्यांनी त्या वेळी हाताने करून पाहिले, त्यांचे ज्ञान टॅब्लेटबरोबर कालबाह्य झाले नाही.

इथे थोडे थांबून मराठीबद्दल बोलायला हवे. मराठी अक्षर पडद्यावर उमटणे हासुद्धा पोर्टिंगचाच विषय आहे, आणि आपल्या पुस्तकांत त्याकडे लक्ष दिले जात नाही. डॉसच्या काळात संगणकावर देवनागरी हवी असेल तर सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवत. ते खरोखरचे कार्ड होते, संगणकाच्या स्लॉटमध्ये खोवायचे. त्या काळाच्या मानाने ते मोठेच काम होते. पण भाषा एका हार्डवेअरला बांधली गेली, आणि तसले स्लॉट गेले तेव्हा कार्डही गेले. नंतरच्या विंडोज काळात मराठी वेगवेगळ्या फाँटांच्या खासगी सांकेतिक अंकांत अडकली. एका फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अगम्य. कितीतरी संस्थांचे जुने अहवाल आजही त्या रूपात पडून आहेत. युनिकोड आला तेव्हा अंक सामायिक झाले, पण अंकांवरून आकार घडवण्याचे काम उरलेच : ‘कि’मधली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि दिसताना आधी, ‘र्क’मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, ‘क्ष’ एकसंध होतो. लिनक्सवर आणि अँड्रॉइडवर हे काम हार्फबझ ही ओपन सोर्स लायब्ररी करते. ती कुठल्या एका प्रोसेसरवर अवलंबून नाही. रिस्क-फाइव्हच्या नव्या बोर्डावर ती बांधली गेली, त्या दिवशी मराठीही त्या बोर्डावर आली, कोणाच्या परवानगीशिवाय.

गडचिरोलीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. इथे मराठीबरोबर गोंडी बोलली जाते. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत आली, गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये अकराव्या आवृत्तीत. या लिपी वापरणाऱ्यांची बाजारपेठ पाहून कोणतीही कंपनी नव्या प्रोसेसरसाठी वेगळा खर्च करील असे मला वाटत नाही. तसा खर्च करण्याची गरजही पडू नये, कारण हार्फबझ पोर्ट झाली की तिच्यातल्या सगळ्या लिपी एकदमच पोर्ट होतात. लहान भाषांना सामायिक लायब्ररीत जागा मिळाली तर मोठ्या भाषांच्या बळावर त्या पुढच्या यंत्रापर्यंत पोचतात.

पोर्टिंगकडे पाहण्याच्या मुख्य वाटा तीन, आणि त्यांच्यात जुना वाद आहे. पहिली वाट युनिक्सची : सोर्स सामायिक ठेवा आणि प्रत्येक प्रोसेसरसाठी पुन्हा कंपाइल करा. डेबियन आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिम या वाटेच्या. दुसरी वाट मधल्या काल्पनिक यंत्राची : प्रोग्रॅम त्या यंत्रासाठी कंपाइल करायचा आणि प्रत्येक खऱ्या प्रोसेसरवर फक्त ते काल्पनिक यंत्र पोर्ट करायचे. सत्तरच्या दशकातला यूसीएसडी पास्कल, १९९५ची जावा, अलीकडचे वेबअसेम्ब्ली या परंपरेत येतात. तिसरी वाट बायनरीच भाषांतरित करण्याची. ॲपलने १९९४, २००६ आणि २०२० असा तीनदा प्रोसेसर बदलला आणि प्रत्येक वेळी जुन्या प्रोसेसरची बायनरी नव्यावर चालवण्याची सोय केली. त्यातली शेवटची रोझेटा-२. फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये आणलेले क्यूएमयू हे या वाटेवरचे ओपन सोर्स साधन. माझा कल उघडपणे पहिल्या वाटेकडे आहे. भाषांतराने जुने प्रोग्रॅम चालतात, पण ते नव्या यंत्रावर पाहुणेच राहतात. आणि काल्पनिक यंत्र शेवटी पहिल्या वाटेनेच पोर्ट करावे लागते. जावाचे किंवा ब्राउझरचे जलद इंजिन चालता चालता प्रोसेसरच्या आज्ञा तयार करते, त्यामुळे त्याचा पोर्ट हे पोर्टिंगमधल्या सर्वांत कष्टाच्या कामांपैकी एक आहे.

पहिल्या वाटेच्या आत पुन्हा दोन पक्ष. एक म्हणतो, जलद यंत्रावर बसून दुसऱ्या प्रोसेसरसाठी क्रॉस-कंपाइल करा; बिल्डरूट आणि योक्टो ही साधने त्याची. दुसरा म्हणतो, ज्या यंत्रावर चालवायचे त्याच यंत्रावर बांधा, म्हणजे चाचण्याही तिथेच चालतील. डेबियनची रोजची पद्धत ही. पण अगदी पहिल्या दिवशी नव्या यंत्रावर कंपायलरच नसतो, मग तिथे बांधणार कशाने? सुरुवात क्रॉसनेच करावी लागते. शिवाय जावा बांधायला आधीची जावा लागते, रस्टचा कंपायलर बांधायला रस्ट लागते. ही वर्तुळे कुठे तोडायची हे ठरवणे म्हणजे बूटस्ट्रॅपिंग. पोर्टिंगचा हा भाग मला बुद्धीला सर्वांत खाद्य देणारा वाटतो, म्हणून पुस्तकात त्याला जागाही सर्वांत जास्त दिली आहे.

चुका मात्र बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. कित्येक जुन्या पॅकेजांत ‘हे यंत्र कोणते’ असे विचारणारी एक छोटी स्क्रिप्ट असते. ती पंधरा-वीस वर्षांपूर्वी नक्कल करून ठेवलेली, म्हणून तिला रिस्क-फाइव्ह हे नावच ठाऊक नसते आणि सगळे काम पहिल्याच पायरीवर अडते. नवी स्क्रिप्ट ठेवली की सुटते. काही प्रोग्रॅम मेमरीचे पान चार केबींचेच असते असे धरून चालतात. सोळा केबींची पाने वापरणाऱ्या ॲपलच्या एम१ चिपवर लिनक्स नेताना ते आपटले. काही पॉइंटर ३२ बिटांत कोंबतात. आणि काही चुका खरोखर खोल असतात. एका कोअरने आधी माहिती लिहिली आणि मग ‘तयार आहे’ अशी खूण लिहिली, तर एक्स८६वर दुसऱ्या कोअरला ती त्याच क्रमाने दिसते. आर्म आणि रिस्क-फाइव्हवर मध्ये अडसर घातला नसेल तर खूण आधी दिसू शकते, माहिती नंतर. असा प्रोग्रॅम हजारदा बरोबर चालतो आणि एकदा चुकतो. एक्स८६वर क्यूएमयू चालवून ही चूक सहसा पकडताही येत नाही, कारण खालचा खरा प्रोसेसर क्रम पाळत असतो. तिथे खरे बोर्डच लागते, आणि वाचलेल्या कोडवर स्वतःचा विचार.

हे सगळे आत्ताच का शिकायचे? बर्कलीत २०१०मध्ये सुरू झालेला रिस्क-फाइव्ह हा संच वापरायला परवाना-शुल्क लागत नाही. जीसीसीत तो २०१७ मध्ये आला, लिनक्सच्या ४.१५ आवृत्तीत जानेवारी २०१८ मध्ये, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ने त्याला पहिल्यांदा अधिकृत स्थान दिले. जवळजवळ सत्तर हजार पॅकेजांच्या त्या संग्रहाचे एका नव्या प्रोसेसरवर येणे ही लहान घटना नाही. भारत सरकारनेही एप्रिल २०२२ मध्ये डीआयआर-व्ही हा रिस्क-फाइव्हचा कार्यक्रम जाहीर केला. पण त्याच डेबियन १३मध्ये ३२ बिटांच्या एक्स८६साठी गाभाही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. महानगरांत ही बातमी कोणी वाचलीसुद्धा नसेल. खेड्यापाड्यांतल्या शाळांना देणगीत मिळालेले जुने संगणक आठवा. त्यांतले जे ३२ बिटांचे आहेत त्यांच्यावर ही नवी आवृत्ती बसणार नाही. ते संगणक अजून सुरू होतात, मुले त्यांवर टाइप करायला शिकतात. एक दार उघडत असताना दुसरे बंद होते आहे, आणि दोन्ही दारांशी इथले लोक उभे आहेत.

दार बंद का होते? कोणी आकसाने करत नाही. २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१७ आवृत्तीतून आठ आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरच्या जाती, एकदम काढले गेले, कारण ते वापरणारे आणि पाहणारे उरले नव्हते. इंटेल आणि एचपी यांनी अमाप पैसा ओतलेले इटॅनियम ६.७ आवृत्तीत गेले. उलट १९७९ सालच्या मोटोरोला ६८०००चा वंश लिनक्समध्ये अजून आहे, कारण मूठभर हौशी माणसे त्याची चाचणी घेतात आणि मोडलेले दुरुस्त करतात. पोर्ट जगतो की मरतो हे पैशाहून सांभाळणाऱ्यावर जास्त अवलंबून असते.

आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट समजायला वेगळे उदाहरण लागत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याखाली मेंढा-लेखा या गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे कुरखेडा-कोरची भागातल्या अनेक ग्रामसभांनाही. हक्काचा कागद आला म्हणून जंगल आपोआप राखले जात नाही. कोणता बांबू तोडायचा, तेंदूपत्त्याचा व्यवहार कसा करायचा, वणवा लागला तर कोणी धावायचे, हिशेब कोणासमोर मांडायचा, हे सगळे ग्रामसभेला बसून ठरवावे लागते आणि दरवर्षी करावे लागते. ओपन सोर्सचा परवाना हा असाच हक्काचा कागद आहे. तो पोर्ट करण्याची मुभा देतो. पोर्ट करून देत नाही आणि जगवत तर नाहीच. इथला विद्यार्थी हे वाक्य ऐकतो तेव्हा त्याला ते मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळते असा माझा अनुभव आहे.

या पुस्तकासाठी लागणारी सामग्री जाणीवपूर्वक कमी ठेवली आहे : डेबियन चालणारा एक ६४ बिटांचा संगणक आणि क्यूएमयू. बोर्ड असेल तर उत्तम, नसेल तरी पुस्तकाचा बहुतेक भाग अडत नाही. जिथे अडतो तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे. पॅकेजे एकदा उतरवून घेतली की इंटरनेट नसतानाही बांधणी करता येईल अशी सोय कशी करायची, हे सुरुवातीलाच दिले आहे. आमच्या भागात नेटवर्क आणि वीज दोन्ही जातात, आणि चार तास चाललेली बांधणी मधूनच पुढे कशी न्यायची हा इथे खरा प्रश्न असतो. वाचकाला सी आणि शेलची तोंडओळख आहे असे मी गृहीत धरले आहे. असेम्ब्ली येत नसली तरी चालेल, ती वाटेत येईल. परिभाषेच्या बाबतीत प्रयोगशाळेत मुले जे शब्द बोलतात तेच वापरले आहेत.

ग्राफिक्स चिपचे ड्रायव्हर आणि फर्मवेअर हे विषय पुस्तकात नाहीत. ते महत्त्वाचे नाहीत म्हणून नव्हे. त्यांतले बरेचसे अजून बंद आहेत, आणि जे खुले आहे ते इतक्या वेगाने बदलते की छापलेल्या पानावर टिकणार नाही. महासंगणकांच्या व्हेक्टर आज्ञांनाही फक्त स्पर्श केला आहे. त्याऐवजी हार्फबझ हे मोठे उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवले आहे. ती क्रॉस-कंपाइल करायची, क्यूएमयूवर तिच्या चाचण्या चालवायच्या, मराठी आणि मसराम गोंडी मजकूर तिच्यातून काढून दोन प्रोसेसरांवरचे निकाल ताडून पाहायचे, आणि फरक निघाला तर तो कुठून आला याचा माग काढायचा.

दुरुस्ती करून ती आपल्याच संगणकात ठेवली तर पुढच्या आवृत्तीला ती पुन्हा करावी लागते. म्हणून शेवटचा भाग दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवण्यावर आहे : बदल लहान कसा ठेवायचा, सोबतच्या चार ओळींत काय लिहायचे, कोणत्या यंत्रावर तपासले ते कसे सांगायचे, आणि सांभाळणाऱ्याने नाकारले तर त्याचे कारण कसे वाचायचे. उत्तर कधी दोन दिवसांत येते, कधी दोन महिने येत नाही. त्या दोन महिन्यांत आपला पॅच नव्या कोडवर पुन्हा पुन्हा कसा बसवत राहायचा, तेही तिथे सविस्तर लिहिले आहे.

कुरखेडा, जिल्हा गडचिरोली